आत्महत्येचा कलंक मोजताना : प्रश्न कुणाला विचारायचा?

आजचा विषय एक मोजपट्टी आहे. 'स्टिग्मा ऑफ सुइसाइड स्केल'. ऑस्ट्रेलियातल्या बॅटरहॅम, कॅलिअर आणि क्रिस्टेन्सन यांनी २०१३ मध्ये मांडलेली. मोठ्या आवृत्तीत ५८ शब्द, छोटीत १६. आत्महत्या करणारे लोक सर्वसाधारणपणे कसे असतात, एवढाच प्रश्न. पुढे एकेक शब्द: भित्रे, बेजबाबदार, एकाकी, शूर. आपण किती सहमत, तेवढी खूण करायची.

ही पट्टी टाकाऊ नाही, हे आधी सांगून टाकतो. आत्महत्येला शौर्य मानणं आणि तिला नावं ठेवणं, हे दोन्ही ती वेगवेगळं मोजते, आणि ते फार उपयोगाचं आहे. (मराठीत आणताना मात्र 'भित्रा' पुरत नाही. आपल्याकडे लोक 'पळपुटा' म्हणतात, त्याचा मार जास्त बसतो.)

आमची तक्रार वेगळी आहे. इथे उत्तर देतो बघणारा, आणि ज्याच्याबद्दल विचारलंय तो हयात नाही. मग जो त्या टोकाला जाऊन परत आला, आज आपल्यात बसलाय, त्याला काय सोसावं लागतं ते या आकड्यात कुठून येणार?

त्यांनाच विचारलं की काय निघतं बघा. २०१९ मध्ये रिमकेविचिएने आणि सहकाऱ्यांची प्रश्नावली आली, अशा लोकांच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली. तीत झिडकारलं जाणं आहे, स्वतःला दोष देणं आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गांभीर्यच नाकारलं जाणं. 'नाटक होतं सगळं', 'लक्ष वेधायला केलं.' हे म्हणणारा माणूस कुणाला भित्रा म्हणत नाही. विशेषणांच्या यादीत तो कदाचित अगदी सज्जन ठरेल!

पण हीसुद्धा जशीच्या तशी आपल्याकडे आणली तर पंचाईत आहे. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ होतं: प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याचा दात काढला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. इतकी वर्षं पोलिसांच्या धाकाने घरोघरी एकच वाक्य पाठ होतं: 'चुकून झालं, डॉक्टर.' कायदा गेला म्हणून ते वाक्य लगेच जात नाही. मुलीचं लग्न व्हायचं असतं, धाकट्याची नोकरी असते.

आता त्या घरातल्या माणसाला विचारा, 'तुमच्या प्रयत्नाबद्दल कळल्यावर मित्रांनी तुम्हाला टाळलं का?' तो प्रामाणिकपणे म्हणेल, 'नाही.' कारण कुणाला कळलेलंच नाही. गुण शून्य. जिथे गावाने खरंच जवळ घेतलं, तिथेही शून्यच. कागदावर दोघं सारखेच, आणि सरासरी काढणारा खूश.

म्हणून आमचं म्हणणं असं की झिडकारल्याचा प्रश्न विचारण्याआधी दुसरा विचारा: 'हे आजवर किती जणांना सांगितलंय?' आणि त्याचं उत्तर बेरजेत मिसळू नका, शेजारी वेगळं लिहा.