तिसऱ्या पानावरची स्त्री आणि ताराबाईंचा प्रश्न

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली होती. पुढे ती सौम्य करण्यात आली. या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ या पत्राने साऱ्या स्त्रीजातीवरच आगपाखड केली आणि ताराबाईंनी लेखणी उचलली. दोष दोघांचा, मग बदनामी एकटीच्याच वाट्याला का, हा त्यांचा प्रश्न होता. तत्कालीन नाटके-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणही त्यांनी याच कसोटीवर घासून पाहिले. छापील छायाचित्रांचे युग तेव्हा यायचे होते. तथापि, पुढील शतकातील वृत्तपत्रांत जे घडले, ते समजून घ्यायला याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण आहे.

रूपर्ट मर्डॉक यांनी १९६९ साली लंडनचे ‘द सन’ विकत घेतले. १९७० च्या नोव्हेंबरपासून या पत्राच्या तिसऱ्या पानावर अनावृत तरुणींची छायाचित्रे येऊ लागली. १९७८ मध्ये खपात त्याने ‘डेली मिरर’ला मागे टाकले. त्या यशाला इतरही कारणे होती. परंतु तिसरे पान ही पत्राची ओळखच बनली. सोळा वर्षांच्या मुलीचे असे छायाचित्र छापणे तेथील कायद्याला मंजूर होते, आणि ही वयोमर्यादा अठरावर नेण्यास २००३ चा कायदा यावा लागला, ही गोष्ट आज वाचताना मन विषण्ण होते.

आपल्याकडे ही लाट सौम्य होऊन आली. १९७९ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘मिड-डे’ या दुपारच्या पत्रातील ‘मिड-डे मेट’ हे सदर एके काळी गाजले. पुढे ‘पेज थ्री’ हा शब्दही आपण उचलला. मात्र इथे त्याचा अर्थ झाला श्रीमंतांच्या मेजवान्यांचे पान. २००५ साली मधुर भांडारकर यांनी याच नावाचा चित्रपट काढला, तोही याच अर्थाने. देह गेला, झगमगाट राहिला.

या प्रथेला विरोध करणाऱ्यांचे काय झाले? १९८६ मध्ये ब्रिटिश खासदार क्लेअर शॉर्ट यांनी अशी छायाचित्रे बंद करण्यासाठी विधेयक मांडले. ‘सन’ने त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी त्यांचीच टर उडवली, २००४ साली त्यांच्या रूपाचीही हेटाळणी केली. योगायोग असा, की स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा भारतीय कायदाही १९८६ चाच. पण कायदा कागदावर असला, तरी छायाचित्रातल्या मुलीला नावे ठेवणारा समाज ते छायाचित्र निवडणाऱ्या संपादकाला आणि पत्र विकत घेणाऱ्या वाचकाला क्वचितच जाब विचारतो. ताराबाईंचा प्रश्न तो हाच.

२०१२ साली ब्रिटनमध्ये या पानाविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू झाली. दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. २०१५ च्या जानेवारीत ‘सन’ने ही प्रथा थांबवली. २०१९ साली ‘डेली स्टार’नेही तिला निरोप दिला. या विजयाचे मोल कमी लेखू नये. तरीही हा ऱ्हास निव्वळ सद्बुद्धीमुळे झाला, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. जे चित्र पूर्वी पैसे मोजून विकत घ्यावे लागे, ते इंटरनेटवर फुकट मिळू लागले. दुकान बंद झाले, कारण माल रस्त्यावर आला.

म्हणूनच आपल्या घरांतील चिंता ‘असली पत्रे घरात नकोत’ एवढ्यावर थांबून चालणार नाही. पत्र घराबाहेर ठेवता येत असे. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. एखाद्या मुलीचे छायाचित्र गावभर फिरते, तेव्हा आजही पहिला सवाल तिलाच होतो: ‘तू काढूच का दिलेस?’ ज्याने ते पुढे पाठवले, ज्यांनी ते मिटक्या मारीत पाहिले, त्यांची नावे कोणी घेत नाही. आपल्या मुलींना मर्यादेचे धडे आपण देतोच. तेच धडे मुलांनाही तितक्याच कठोरपणे देण्याचे काम, ताराबाईंच्या पुस्तकाला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली तरी, बाकीच आहे.