शिरोडकरला काय वाटले?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत बोईसरला बहिणीकडे गेलो होतो. भाची नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिला वाचायला म्हणून मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी नेली होती. तीन दिवसांत तिने ती वाचून काढली आणि चौथ्या दिवशी पुस्तक माझ्या हातात परत देत म्हणाली, "मामा, पुस्तक छान आहे. पण शिरोडकरला काय वाटलं, ते कुठंच नाही." ही कादंबरी मी आजवर तीनदा वाचली आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

'शाळा' 2004 साली मौज प्रकाशनातर्फे प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातील एका लहान शहरातली शाळा, नववीचा वर्ग आणि मुकुंद जोशी नावाचा मुलगा. बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत जमणारी चार मित्रांची टोळी, मुलींविषयीची त्यांची खास परिभाषा, शिक्षकांच्या नकला, घरातील थोरांचे धाक आणि या साऱ्यांतून जोशीच्या मनात हळूहळू उमलणारी शिरोडकर. वर्ष संपते, शिरोडकर गाव सोडून निघून जाते आणि जोशीपुढे दहावीचे वर्ष उभे राहते. कथानक म्हणावे तर एवढेच. तरीही मराठी वाचकाने या पुस्तकावर मनापासून प्रेम केले, कारण शाळकरी वयातील प्रेमाकडे लेखकाने टवाळीनेही पाहिले नाही आणि त्यावर प्रवचनही झोडले नाही. चौदा वर्षांच्या मुलाचे दुःख चौदा वर्षांच्या मापाचे असते, म्हणून ते लहान ठरत नाही, ही जाण त्यात आहे.

मग भाचीच्या प्रश्नाचे काय? कोणी म्हणेल, कादंबरी जोशीच्या तोंडून सांगितलेली आहे. त्याला जे दिसले नाही ते तो कसे सांगणार? हे म्हणणे रास्त आहे. शिरोडकर तिथे बोलते, शहाणपणाने बोलते. पण आपण तिला सतत जोशीच्या बाकावरून पाहतो. ती वर्गात कुठे बसते, कोणत्या रस्त्याने घरी जाते, हे आपल्याला ठाऊक असते. घरी गेल्यावर दार लावून ती रडली की हसली, हे मात्र कळत नाही. पुस्तक मिटल्यावर लक्षात राहते ते हजेरीपटावर असावे तसे तिचे आडनाव. हा बोकिलांचा दोष नव्हे. त्यांनी आपल्या निवेदकाची मर्यादा प्रामाणिकपणे सांभाळली आहे. उणीव आहे ती शेजारच्या बाकावरून लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकाची.

हीच गोष्ट पडद्यावर अधिक ठळक दिसते. सुजय डहाके यांनी 'शाळा'वर केलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर 2014 साली 'टाइमपास'मध्ये प्राजक्ता झाली. दोन्हीकडे कथेचा जीव मुलाच्या धडपडीत आहे. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' या दोहोंहून कितीतरी खोल जातो. जब्या वर्गातल्या शालूसाठी काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकतो. जातीची भिंत किती उंच असते ते त्या भटकंतीतून कळते. पण शालू जवळजवळ बोलतच नाही. डुक्कर पकडण्याची नामुष्की जब्याच्या वाट्याला येते तेव्हा ती पाहणाऱ्यांत असते, हसणाऱ्यांत असते. तिच्या मनात दुसरे काही होते का, हे विचारायला कथेला सवड नाही.

बोलणारी मुलगी मराठी पडद्याने पाहिली ती 2016 साली, 'सैराट'मधील आर्चीच्या रूपाने. ती शाळेतली नव्हे, कॉलेजातली. पण वयाने फार दूर नाही. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि आपले प्रेम स्वतःच्या तोंडाने सांगते. शेवटी तिच्या माहेरचीच माणसे तिचा आणि परश्याचा जीव घेतात. दिग्दर्शकाने समाजाचे सत्य दाखवले, याबद्दल वाद नाही. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीने हे सारे चित्रपट ओळीने पाहिले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरतात : गप्प राहून निघून जावे किंवा बोलून मरावे.

अमेरिकन लेखिका ज्युडी ब्लूम यांच्या किशोरवयीन मुलीने एकदा आईकडे एक मागणी केली होती. दोन भली मुले प्रेमात पडतात आणि तरी त्यांतले कोणी मरत नाही, अशी गोष्ट तिला हवी होती. त्यातून 1975 साली 'फॉरएव्हर' ही कादंबरी निघाली. तिच्यात शरीरसंबंधांचे उघड वर्णन असल्याने अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढून टाकण्यात आली. ते पुस्तक जसेच्या तसे आपल्या मुलांच्या हाती द्यावे, असे माझे म्हणणे नाही. मला मोल वाटते ते मुलीच्या मागणीचे आणि ती ऐकून घेणाऱ्या आईचे.

आपल्याकडे मुलीने मन उघडे केले की काय होते, याचीही नोंद आहे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातील घालमेल त्यात होती. त्यावर एवढे काहूर माजले, की विभावरी शिरूरकर हे टोपणनाव कोणाचे, हीच मोठी चर्चा होऊन बसली. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. त्यानंतर मराठी लेखिकांनी संसारातील स्त्रीचे मन पुष्कळ उलगडले. पण पंधरा वर्षांची मुलगी मधल्या मध्येच राहून गेली. तिने वाचावे काय? शांता शेळके यांची 'चौघीजणी' अनेक पिढ्यांच्या मुलींनी जिवाभावाने वाचली. पण त्या चौघी बहिणी मुळात दूरदेशीच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. आज इंग्रजी माध्यमाच्या मुली परदेशी हायस्कुलांतील प्रेमकथा वाचतात. तिथले नृत्यसमारंभ आणि कुलपे लावलेली कपाटे त्यांना पाठ असतात. बोईसर स्थानकावर शटलची वाट पाहणारी मुलगी मात्र त्यांना कोणत्याही पुस्तकात भेटत नाही.

आपल्या भागात कथेला विषय नाही, असे कोणी म्हणू नये. शिरोडकर गाव सोडून जाते, ही 'शाळा'मधील सर्वांत जिव्हारी लागणारी घटना. तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीत ती नित्याची आहे. कोणाच्या वडिलांची बदली कैग्याला होते, कोणाची रावतभाट्याला, कोणाची काक्रापारला, आणि शेजारचा बाक रिकामा होतो. एमआयडीसीतील कंत्राट संपले की एखादे कुटुंब रातोरात आपल्या मुलखात परतते. वर्गातील हिंदी, गुजराती, मल्याळम बोलणाऱ्या मुलांपैकी एकजण जूनमध्ये दिसत नाही. प्रकल्पाच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावेच उठली. तिथल्या मुलांच्या शाळेच्या आठवणींना आता जागाच उरली नाही. सातपाटीची एखादी मुलगी पहाटे आईबरोबर मासळी निवडून मग पालघरच्या वर्गात येऊन बसते आणि हाताला वास येतो म्हणून वही पुढे करायला लाजते. यांतील प्रत्येक ठिकाणी एक कादंबरी दडलेली आहे.

ती कोणत्या भाषेत लिहावी, ही अडचणही खरी नाही. प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास'पासून 'झुंबर'पर्यंतच्या चार पुस्तकांत लंपन नावाचा शाळकरी मुलगा उभा केला. तो बेळगावकडील, कानडी वळणाचे मराठी बोलणारा. मैत्रीण सुमीविषयी त्याला जे वाटते त्याला तो प्रेम असे नावही देत नाही, आणि तरी ते वाचकाला लख्ख कळते. त्या बोलीसाठी महाराष्ट्रातील कोणी वाचक अडून राहिला नाही. मग वाडवळी, सामवेदी किंवा वारली वळणाने बोलणारी एखादी मुलगी आपली कथा का सांगू शकणार नाही?

अडचण आहे ती आपल्या घरांत. मुलाच्या दप्तरात चिठ्ठी सापडली तर त्याला मार बसतो आणि प्रकरण मिटते. मुलीच्या दप्तरात सापडली तर तिची शिकवणी बंद होते, मैत्रिणी बंद होतात आणि कधी कधी शाळाही. अशा घरात मुलगी रोजनिशी लिहीत नाही. लिहिली तर फाडून टाकते. जे लिहिण्याची भीती वाटते त्याचे साहित्य व्हायचे कसे? आपण आईबाप हे रक्षणाच्या भावनेने करतो, हे मी नाकारत नाही. वय कोवळे असते, फसवणारेही भेटतात. परंतु जिला आपले मन घरात बोलता आले नाही, ती ते बाहेर कोणापाशी तरी बोलतेच, आणि तो ऐकणारा कोण असेल हे आपल्या हाती राहत नाही.

पवित्र शास्त्रात प्रेमाचे एक काव्य आहे, 'गीतरत्न'. त्याचा आरंभ तरुणीच्या शब्दांनी होतो आणि त्यात सर्वाधिक बोलतेही तीच. रात्री प्रियकराला शोधताना पहारेकरी तिला मारतात, तरी ती गप्प होत नाही. शतकानुशतके ते आपल्या ग्रंथात आहे आणि कोणी ते फाडून टाकले नाही. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींनी 1857 साली लिहिली, तीही स्त्रीच्या दुःखाची विचारपूस करीत. अशा वारशाच्या घरांनी मुलीच्या शब्दाला भ्यावे, हे विपरीत आहे.

निघताना भाचीला एक कोरी वही दिली आणि सांगितले, शिरोडकरला काय वाटले ते तूच लिही. तिने आईकडे पाहिले. बहीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लिही. मी विचारल्याशिवाय उघडणार नाही." त्या वहीत पुढे काय लिहिले गेले, मला ठाऊक नाही, मी विचारलेलेही नाही.