पन्नास मिमी आणि धूसरपणाची हौस

फिल्मवर फोटो काढायला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: पन्नास मिमीची लेन्स घे, ती माणसाच्या डोळ्यासारखं बघते. मला हे पटत नाही. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तिचा कर्ण सुमारे ४३ मिमी. 'नॉर्मल' लेन्स म्हणजे या कर्णाच्या आसपासची, एवढाच हिशेब. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकावर ५० मिमीची लेन्स होती आणि तो आकडा पुढे रूढ झाला. यात डोळ्यापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे.

तरीही ती घ्यावी, पण वेगळ्या कारणासाठी. आपल्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या लेन्सइतकं रुंद बघतो. त्यात सगळं मावतं, म्हणून काहीच निवडावं लागत नाही. पन्नासमध्ये खोली मावत नाही. काय सोडायचं, ते ठरवावंच लागतं.

पुढचा वाद एफ १.४ की एफ १.८? पहिली लेन्स सुमारे १.६ पट प्रकाश घेते, एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्येही जास्त उजेड देते. हे फायदे खरे आहेत. पण बहुतेकांना ती हवी असते मागचं सगळं धूसर करण्यासाठी. एक मीटरवरून एफ १.४ला जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. हाताने फोकस करताना समोरचा जरा हलला, की डोळे सुटतात आणि कान स्पष्ट येतो.

या हौसेचं टोक म्हणजे सोव्हिएत हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ २, जर्मन बायोटारच्या रचनेवर बेतलेली. मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरतात. असे दहा फोटो पाहिले की लेन्स लगेच ओळखता येते, माणूस मात्र एकही आठवत नाही.

याउलट कार्तिए-ब्रेसाँ. आयुष्यभर त्याने मुख्यतः ५० मिमीच वापरली. ३० जानेवारी १९४८च्या रात्री नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगत आहेत, तो त्याचा फोटो पाहा. अंधार, दिव्याचा उजेड, गर्दी, आणि नेहरू पुरेसे स्पष्टही नाहीत. पण तिथली अस्पष्टता त्या रात्रीची आहे, लेन्सची करामत नाही.

म्हणून माझं मत एफ १.८ किंवा एफ २च्या साध्या लेन्सला. जुनी घेताना टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती सहज धरते. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. फोकसची रिंग एकसारखी फिरायला हवी, कुठे अडकायला नको, सैलही नको. वाचलेल्या पैशांतून फिल्मचे रोल घ्या. एका रोलमध्ये ३६ फोटो. मागचं जग पुसून टाकण्यात ते खर्चायचे, की माणूस कुठे उभा आहे हे दाखवण्यात, हा प्रश्न लेन्स सोडवत नाही.