कवितेतला विकाऊ मतदार

निवडणूक आली की आपल्या कवितांत तीच तीच माणसं येतात. बाटलीवर मत विकणारा बाप, नोटेला भुललेली वस्ती आणि लांब उभा राहून शिव्या देणारा कवी. मीही तसली एक लिहिली. सूतगिरणीतली तिसरी पाळी करून घरी आलो न् आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "म्या कवा मत इकलं रं? तू बघितलंस?" मी गप्प.

पैसे वाटतात, हे खोटं नाही. पण घेणारा मत तिथंच देतो, हे कवीनं कुठनं ठरवलं? 1990 नंतरच्या निवडणुका तपासून योगेंद्र यादवांनी दाखवलंय की दलित, गरीब मतदानात वरच्या थराच्या मागं नाहीत. 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं. त्यांच्यावर आपल्याला कविता सुचत नाही!

मत जमीन, कर नाहीतर शिक्षण बघून मिळायचं, त्या काळात, 1928 साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला. 1952 ला त्याच मतदानात ते उत्तर मुंबईत पडले. तरी 1954 ला भंडाऱ्यात पुन्हा उभे राहिले. तिथंही पडले.

दुसरा दोष मला जास्त खुपतो. आपल्या कवितेत मोर्चा आहे, ग्रामसभा नाही. सभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, जे कमी ते, लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला ती अटच नाही! ज्यांना ठराव गुपचूप उरकायचाय ते ह्याचीच वाट बघतात. आई दोन्ही वेळा जाते. आपल्या स्मशानाच्या रस्त्याचा ठराव वहीत उतरल्याशिवाय उठत नाही. अंगठा द्यायच्या आधी शेजारच्या पोराकडून वाचून घेते. साहेब जांभया देत बसतो. ह्यात घोषणा नाही, रक्त नाही, नुसता कंटाळा. तो सोसणारं माणूस आपल्या कवितेत मला भेटलं नाही. आणि आपले समीक्षक 'विद्रोह कमी पडतो' एवढं लिहून मोकळे होतात.

माझी ती कविता ह्या अंकासाठी दिली होती, परत मागून घेतली. नवी जमत नाही अजून. वहीतला ठराव शब्दाला शब्द उतरवून आणलाय, बघू.