गोरोसॉरस : एका दुय्यम राक्षसाची कैफियत

गजेंद्रमोक्षाच्या कथेत हत्ती व त्याला सोडविणारा विष्णू यांच्याकडेच श्रोत्यांचे लक्ष लागते. पाय धरून बसलेल्या नक्राची आठवण कोण ठेवतो? तथापि भागवतकारांनी त्यालाही पूर्वजन्म दिला आहे. तो हूहू नावाचा गंधर्व, देवलाच्या शापाने जलचर झालेला. रायपूरची अरुंद रेल्वे जेथे धमतरी व राजीम अशी दुभंगत असे, त्या अभनपुरातील आम्हां मंडळींना ही कथा परकी नाही. राजीमचा राजीवलोचन म्हणजे विष्णूच.

जपानी राक्षसपटांतील गोरोसॉरसला असा पूर्वजन्म कोणी दिला नाही. इशिरो होंडा यांच्या १९६७ च्या ‘किंग काँग एस्केप्स’मध्ये तो प्रथम दिसला. मोंडो बेटावर एका तरुणीवर चालून यावे आणि तिच्या रक्षणार्थ धावलेल्या काँगकडून जबडा मोडून घ्यावा, एवढीच त्याची कामगिरी. १९३३ च्या ‘किंग काँग’मधील झुंजीची ही उघड उसनवारी होय. परंतु आइजी त्सुबुराया यांच्या देखरेखीखाली घडलेल्या या प्राण्याजवळ एक चीज स्वतःची आहे : दोन्ही पाय उचलून मारलेली कांगारूची लाथ! त्याच्या मुखातून ना ज्वाळा निघतात, ना किरण. रबरी पोशाखातील हिरोशी सेकिता या नटाची ती उडी आहे, आणि आम्हांस ती अनेक ज्वाळांहून अधिक जिवंत वाटते.

पुढच्याच वर्षी ‘डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स’मध्ये तो पॅरिसची विजयकमान जमिनीखालून उखडतो, वृत्तनिवेदक मात्र नाव घेतो बारागॉनचे! भूमी पोखरणे हा बारागॉनचाच धर्म. म्हणजे पराक्रम दुसऱ्याचा, नावही दुसऱ्याचे. देह तेवढा याचा. पटकथेची ही हेळसांड आम्हांस क्षम्य वाटत नाही. फुजीच्या पायथ्याशी किंग घिदोराला मागून लाथ बसते, तेव्हा कोठे आपला गडी ओळखू येतो.

आपल्या मुंबईतही १९६६ साली बलवंत दवे यांनी ‘गोगोला’ हा हिंदी राक्षसपट काढला होता. आझाद व तबस्सुम यांच्या भूमिका, रॉय-फ्रँक यांचे संगीत आणि समुद्रातून उठून मुंबईवर येणारा राक्षस. हा चित्रपट नष्ट झाला असे मानतात. तलत महमूद व मुबारक बेगम यांचे त्यातील युगुलगीत तेवढे अजून ऐकावयास मिळते. पण गोगोला चालत कसा होता, लढत कसा होता, हे त्या गोड गाण्यावरून कसे ताडावे?