‘उन्हाळी’ आणि ‘लिन’: एका पर्यायाची चिकित्सा

स्त्रियांच्या वारंवार उद्भवणाऱ्या मूत्रमार्ग-संसर्गावर चिनी वनौषधींचा गुण कितपत येतो, याविषयी ‘कॉक्रेन’ संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा वैद्यकाच्या अभ्यासकांइतकाच भाषेच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे. ७ चाचण्या व ५४२ स्त्रिया एवढ्या सामग्रीवरून पुनरावृत्ती घटण्याची शक्यता दिसते, परंतु चाचण्या लहान व सदोष असल्याने निर्णय देता येत नाही, असे त्यात म्हटले आहे. हा संयम योग्यच होय. प्रश्न उभा राहतो तो त्याआधीच्या पायरीवर.

परंपरागत चिनी वैद्यकात ‘संसर्ग’ नाही, ‘लिन’ आहे. थेंबथेंब गळणे हा त्या चिन्हाचा भाव; उष्ण, रक्त, अश्म, श्रम असे त्याचे भेद मानलेले आहेत. (आधुनिक चिनीत हेच चिन्ह परम्याच्या नावातही येते.) ‘लिन’ हे लक्षणाचे नाव, ‘संसर्ग’ हे कारणाचे. मूतखड्याचा ‘लिन’ जंतूंवाचूनही होऊ शकतो. तेव्हा हे दोन शब्द समानार्थी धरणे हा अनुवाद नव्हे, गृहीतक होय.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस गेलेली स्त्री ‘उन्हाळी लागली’ म्हणते, तेव्हा निराळे काही घडत नाही. शब्द जळजळ अचूक सांगतो, पण दोष उन्हाला देतो. फडात आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणी टाळते, लघवी रोखून धरते. हे शब्दाबाहेरच राहते. उपायही मग थंडाव्याचा: धन्याचे पाणी, सराट्याचा काढा. सराटा म्हणजे गोखरू आयुर्वेदात मूत्रल. चिनी वैद्यक मात्र तेच फळ मुख्यतः डोकेदुखी व नेत्रविकारांवर देते. ‘चिनी औषध म्हणजे आपलाच काढा’ ही समजूत येथेच ढासळते.

नामसाम्य किती महाग पडते हे ‘मुतोंग’वरून कळते. ‘लिन’वरील ‘बा झेंग सान’ या जुन्या चूर्णातील हे एक द्रव्य. या एका नावाखाली निरनिराळ्या वेली विकल्या गेल्या. त्यांपैकी ॲरिस्टोलोकिया कुळातील वेल मूत्रपिंडे निकामी करते असे आढळल्यावर चीनने २००३ मध्ये तिचा औषधी वापर बंद केला. मूत्रविकारावरचे औषध मूत्रपिंडावरच उलटले!

म्हणून ‘उन्हाळी’ ऐकताच नोंदवहीत ‘संसर्ग’ लिहिणे जितके उतावळे, तितकेच ‘उष्णता’ म्हणून सोडून देणेही. मूत्रतपासणी हाच त्या शब्दाचा निर्णायक अन्वय. जळजळीसोबत थंडी वाजून ताप व पाठीत कळ असेल, तर काढ्यावर दिवस घालविणे धोक्याचे.