बारा नाटके आणि बत्तीस पोहे

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांविषयीचा निकाल आपल्याकडे फार लवकर लागून गेला आहे. पिंड विनोदकाराचा, हौस मात्र नाटककार होण्याची; त्या हौसेपायी निम्मे आयुष्य वाया गेले, असा तो निकाल. वर्गात तो असाच सांगितला जातो आणि उत्तरपत्रिकांत तसाच परत येतो. मला तो अर्धाच पटतो. पटणारा अर्धा भाग आधी सांगतो.

कोल्हटकर (१८७१–१९३४) पेशाने वकील. वकिली केली ती वऱ्हाडात. 'वीरतनय' १८९६ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा ते पंचविशीत होते. कीर्तन-लावणीच्या वळणाच्या चाली बाजूला सारून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली त्यांनी मराठी संगीत नाटकात आणल्या, आणि प्रेक्षकांनी त्या उचलून धरल्या. त्यानंतर 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'मतिविकार', 'प्रेमशोधन' असे करत बारा नाटके झाली. विनोदी लेखन त्या मानाने उशिराचे. 'साक्षीदार' हा पहिला लेख 'विविधज्ञानविस्तारा'त १९०२ साली आला. पुढे अठरा लेखांचे 'अठरा धान्यांचे कडबोळे' झाले आणि त्याचेच वाढून बत्तीस लेखांचे 'सुदाम्याचे पोहे'. टीका, कादंबरी, ज्योतिर्गणित हे सारे वेगळेच. आज नाटकांची पाने अभ्यासकाखेरीज फारसे कोणी उलटत नाही. 'पोहे' मात्र अजून चवीने वाचले जातात.

नाटके का मागे पडली, हे ती सलग वाचली की ध्यानात येते. राजपुत्र असो, दासी असो, खलपुरुष असो, सगळे कोल्हटकरांसारखे बोलतात. श्लेष, विरोधाभास, वाक्याच्या शेवटी अनपेक्षित वळण ही त्यांची उपजत देणगी, आणि ती त्यांनी पात्रांना सरसकट वाटून टाकली. प्रेमात पडलेला नायक कोटी करतो, संकटात सापडलेली नायिकाही कोटी करते. मग प्रेमही खरे वाटत नाही आणि संकटही. 'मूकनायका'त मद्यपानासारखा जळजळीत विषय आहे, 'मतिविकारा'त विधवाविवाहाचा. पण संवादाच्या चकचकाटात त्या विषयांची धग लागत नाही. नायकाला मुक्याचे सोंग देणाऱ्या नाटककाराला स्वतःला मात्र क्षणभर गप्प बसवले नाही, असे गमतीने म्हणावेसे वाटते.

इथवर रूढ निकाल बरोबर आहे. पण त्यातून 'म्हणून त्यांनी नाटकाचा नाद सोडून आरंभापासून विनोदच लिहायला हवा होता' हा जो निष्कर्ष काढतात, तो 'पोहे' नीट न वाचल्याचे लक्षण आहे.

'पोहे' म्हणजे काही निबंधकाराने मारलेल्या गप्पा नव्हेत. तिथे सुदामा आहे, बंडूनाना आहेत, पांडूतात्या आहेत. त्यांच्या भेटी, बेत, वाद, फजित्या आहेत. मुख्य म्हणजे सुदामा हे पात्र आहे. तो रूढींची खिल्ली उडवत नाही, उलट भाबड्या गांभीर्याने त्यांचे समर्थन करत जातो, आणि त्या समर्थनातच त्या रूढी उघड्या पडतात. लेखकाने स्वतःचे मत गिळून दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे, ही नाटककाराची कसरत. ती कोल्हटकरांनी वर्षानुवर्षे रंगभूमीसाठी केली. तिथे बारा-पंधरा तोंडे सांभाळताना ती फसली आणि इथे एकाच तोंडावर साधली. 'साक्षीदारा'ला वकिलीतला अनुभव उपयोगी पडला असेलच, पण नुसता अनुभव असता तर फार तर कोर्टातल्या आठवणी झाल्या असत्या. 'चोरांचे संमेलन' घ्या. संमेलनाचे उपचार आणि भाषणांचा थाट चोरांच्या अंगावर चढवणे, ही कल्पना ज्याच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ आणि त्यावरची माणसे सतत उभी राहतात त्यालाच सुचते. (हेच कोल्हटकर १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले!)

म्हणजे हौस आणि देणगी यांत इथे सरळ वैर नाही. देणगीने हौसेचे नाटक बिघडवले, हे खरे; पण त्याच हौसेने देणगीला सुदामा दिला. तो नसता तर कोल्हटकरांच्या कोट्या सुट्या राहिल्या असत्या, आणि सुट्या कोट्या किती दिवस टिकतात ते जुन्या मासिकांचे अंक चाळणाऱ्याला माहीत आहे.

दुसरा पुरावा त्यांच्या शिष्याचा. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानत. त्यांनी गुरूची कोटीबाज भाषा घेतली, नाटकाची ओढही घेतली, आणि विनोदी लेखांसाठी 'बाळकराम' हे टोपणनाव धारण केले. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याल्या'त मद्यपानाचाच विषय आहे. तिथली वाटणी पाहण्यासारखी आहे. कोट्यांचा मोठा वाटा तळीराम आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाकडे गेला आहे. सिंधूची भाषाही अलंकारिक आहे, आजच्या कानाला जडच वाटते, पण ती दुःखात चमकदार बोलत नाही. जे गुरूने सगळ्यांना वाटले, ते शिष्याने एका दारुड्याच्या पदरात टाकले आणि नाटक उभे राहिले. ही वाटणी गडकरी कुठे शिकले, याचा शोध 'पोह्यां'तूनच सुरू करावा लागेल, कारण सगळा चमत्कार एकाच पात्राच्या हवाली करण्याचा प्रयोग त्यांच्या गुरूने आधी तिथे करून ठेवला होता.